वारशातील दुनळी रायफलीच्या पुंगळ्या : पितळ कसे ओळखावे, तपासावे आणि जपावे

नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते, आणि चांदा, भंडारा, बालाघाट, शिवनी, मंडला ही सारी जंगले येथील मालगुजार, वकील व सरकारी अधिकाऱ्यांच्या आवाक्यात होती. त्या काळात घेतलेली एखादी विलायती दुनळी रायफल आजही काही घरांत परवान्यावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचे मूळ काम संपले. रायफल मात्र राहिली, आणि तिच्यासोबत काळवंडलेल्या पितळी काडतुसांचा एखादा डबाही राहिला. रायफलीकडे सगळ्यांचे लक्ष जाते, डब्याकडे कोणाचेच जात नाही. माझ्या मते त्या रायफलीबद्दलची निम्म्याहून अधिक माहिती त्या डब्यातच असते. ती कशी वाचावी, कोणती पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, जपून ठेवावी, कोणती लगेच बाजूला करावी, आणि ज्यांना कायदेशीर मार्गाने नव्या पुंगळ्या घ्यायच्या आहेत त्यांनी निवड करताना काय पाहावे, हे येथे सांगत आहे.

डबा उघडण्याआधी परवाना उघडून पाहावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केलेल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, त्यामुळे ‘रिकाम्या पुंगळ्या म्हणजे निव्वळ मोड’ असे समजून चालत नाही. काडतूस भरणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दारूगोळ्याची निर्मिती होय, आणि ती परवान्याशिवाय घरी करता येत नाही. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र व काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात, आणि वारसाला स्वतःच्या नावे अर्ज करावा लागतो. शहरात हा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, तर ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोनांतच मोजले जाते, हे अनेक कुटुंबांच्या लक्षात आलेले नसते. कागद नीट नसतील तर पुढचे काहीही करण्याआधी ते नीट करावेत.

आता डबा. त्यातील काडतुसांचे प्रथम तीन ढीग करावेत. ज्यांत गोळी आहे आणि बुडावरची टोपी (ठोका बसताच दारू पेटवणारी लहान वाटी) कोरी आहे, ती जिवंत काडतुसे. ज्यांत गोळी नाही आणि टोपीवर खोलगट खूण आहे, त्या उडवलेल्या पुंगळ्या. तिसरा ढीग बहुधा एखाद्या काडतुसाचाच असतो, पण तोच सर्वांत नाजूक, कारण त्यात गोळी जागेवर असते आणि तरीही टोपीवर ठोक्याची खूण दिसते. ते काडतूस केव्हातरी फुसके निघालेले असते आणि आत दारू व टोपी कोणत्या अवस्थेत आहे हे बाहेरून कळत नाही. त्याला आणि साऱ्या जिवंत काडतुसांना घासू नये, तापवू नये, पक्कडीने उघडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ती वेगळ्या डब्यात ठेवून, परवाना सोबत घेऊन, शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे सुपूर्द करावीत. यापुढचे सर्व विवेचन उडवलेल्या, रिकाम्या पुंगळ्यांबद्दल आहे.

बुडावरील छाप आणि नळ्यांखालच्या खुणा

पुंगळीच्या बुडावर टोपीभोवती अक्षरे कोरलेली असतात. जुन्या विलायती पुंगळ्यांवर बहुतेकदा बर्मिंगहॅमच्या ‘किनॉक’ कारखान्याचे नाव आणि बोअरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा इंचांतला आकडा दिसतो, उदाहरणार्थ .४६५, .४७०, .५०० किंवा .५७७. आपल्याकडे .४५० च्या तुलनेत .४६५ व .४७० या बोअरना महत्त्व येण्यामागे एक कारण आहे. बंदूकसाज रिग्बी यांनी .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे धूरविरहित दारूचे काडतूस १८९८ मध्ये बाजारात आणले आणि ते लगेच लोकप्रिय झाले. परंतु लष्करी मार्टिनी-हेन्री रायफल त्याच बोअरची असल्याने तिच्यासाठी गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. इंग्लिश बंदूकसाजांनी मग त्याच ताकदीची पण वेगळ्या बोअरची काडतुसे काढली. हॉलंड अँड हॉलंड यांचे .५००/.४६५ हे १९०७ मधील काडतूस त्यांपैकीच एक.

छापावर पूर्ण भिस्त ठेवू नये, मोजमाप घ्यावेच. साधा व्हर्निअर कॅलिपर पुरेसा आहे. पुंगळीची लांबी, मानेचा बाहेरचा व्यास, बुडाभोवतीच्या किनारीचा व्यास आणि किनारीची जाडी ही चार मापे वहीत लिहावीत. .४५० आणि .४७० नायट्रो एक्स्प्रेसच्या पुंगळीची लांबी सव्वातीन इंच म्हणजे सुमारे ८२.५ मिलिमीटर असते, परंतु .४५० ची पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत सरळ निमुळती होत जाते आणि .४७० च्या पुंगळीला बाटलीसारखा खांदा असतो. .५०० आणि .५७७ च्या नायट्रो पुंगळ्या साधारणपणे तीन इंची व सरळ असतात. .४७५ नंबर २ ची साडेतीन इंचांची लांबलचक पुंगळी एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. मात्र तिच्याबाबतीत इली आणि जेफ्री या दोन इंग्लिश कंपन्यांच्या गोळ्यांच्या जाडीत थोडा फरक असे, म्हणून केवळ लांबीवरून गोळीचा निर्णय करू नये.

येथे एक धोका सविस्तर सांगणे भाग आहे. सव्वातीन इंची .४५० पुंगळी काळ्या दारूच्या जुन्या एक्स्प्रेस रायफलीतही वापरली जात असे आणि पुढे नायट्रो एक्स्प्रेससाठीही तीच घेतली गेली. म्हणजे धूरविरहित दारूचे जबरदस्त काडतूस काळ्या दारूसाठी केलेल्या नाजूक रायफलीत बिनदिक्कत जाऊन बसू शकते. तसे काडतूस उडवल्यास नळी टिकेल याची कोणतीही खात्री नाही. यांच्याही मध्ये ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ नावाचा तिसरा प्रकार होता, ज्यात काळ्या दारूच्या रायफलींसाठी धूरविरहित दारूचा सौम्य भार भरलेला असे, आणि खोक्यावरच्या चिठ्ठीवर तसे छापलेले असे. त्यामुळे डब्यातली जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी फेकू नये.

खरा निवाडा नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर होतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, ती सांध्यापाशी उघडून, नळ्या वेगळ्या कराव्यात आणि भिंगाखाली त्या खुणा वाचाव्यात. मुकुटाखाली अक्षरे असलेले छाप म्हणजे लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहाचे शिक्के होत. बर्मिंगहॅमच्या १९०४ नंतरच्या शिक्क्यांत मुकुटाखाली ‘एनपी’ असेल तर ती नळी नायट्रो दारूने तपासलेली आहे. त्याशेजारी बहुधा दोन आकडे आणि ‘कॉर्डाइट’ हा शब्द असतो. पहिला आकडा कॉर्डाइट या धूरविरहित दारूचे वजन ग्रेनमध्ये सांगतो आणि दुसरा गोळीचे कमाल वजन. .४७० साठी हे आकडे ७५ आणि ५०० असे आढळतात. ग्रेन हे माप आपल्याला परके नाही. ब्रिटिश काळातील तोळा १८० ग्रेनचाच होता, त्यामुळे .६०० बोअरची ९०० ग्रेनची गोळी बरोबर पाच तोळ्यांची भरते. कॉर्डाइटचा शिक्का नसेल तर ती रायफल काळ्या दारूची समजूनच वागावे, मग डब्यात कोणतीही काडतुसे असोत.

पितळाची तपासणी

काडतुसाचे पितळ साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्ताचे असते. पत्र्याच्या चकतीपासून ते टप्प्याटप्प्याने खेचून लांब केले जाते. प्रत्येक टप्प्यात ते कडक होते आणि भट्टीत मऊ केले जाते. शेवटी बूड कडक आणि मान मऊ राहील अशी योजना असते, कारण बुडाने दाब सोसायचा असतो आणि मानेने फुगून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, बंद करायचे असते. हे ध्यानात घेतले की तपासणीत कुठे काय शोधायचे हे आपोआप कळते.

मानेपासून सुरुवात करावी. इतवारीतल्या सराफाकडे असते तसे दहापट भिंग घ्यावे आणि पुंगळी खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवावी. मानेच्या काठापासून खाली उतरणारी केसाएवढी बारीक रेघ दिसली तर नखाचे टोक तिच्यावरून आडवे न्यावे. नख अडकले तर ती चीर आहे, नुसता ओरखडा नाही. चिरा बहुधा मानेला समांतर, उभ्या असतात आणि एकीच्या शेजारी दुसरी सापडते. त्यानंतर बुडाच्या वर सुमारे एक सेंटिमीटरवर पाहावे. तेथे भोवती फिकट, चकचकीत कडे दिसत असेल तर पितळ आतून ताणले गेलेले असण्याची शक्यता आहे. याची खात्री करण्यासाठी एक पातळ तार घेऊन तिचे टोक काटकोनात वाकवावे आणि धार काढावी. ते टोक पुंगळीच्या आतल्या भिंतीला टेकवून बुडापासून तोंडाकडे ओढत आणावे. बुडाजवळ तार खाचेत अडकल्याचे बोटांना जाणवले तर पुंगळी तेथून दुभंगण्याच्या मार्गावर आहे. ही खूण डोळ्यांनी दिसण्याच्या कितीतरी आधी बोटांना कळते.

टॉर्चचा उजेड पुंगळीत टाकून बूड पाहावे. बुडाच्या मध्यभागी एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, आणि लहानशी दोन छिद्रे असतील तर बर्डन पद्धतीची पुंगळी. जुन्या किनॉक पुंगळ्या बर्डन पद्धतीच्या असतात आणि त्यांच्या टोप्यांत पाऱ्याचे क्षार वापरलेले असत. धूरविरहित दारूचा अवशेष फारच थोडा उरत असल्याने उडवल्यावर सुटलेला पारा थेट पितळात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. हा दोष बाहेरून दिसत नाही, उलट अशी पुंगळी अगदी सोन्यासारखी चकाकत असू शकते. म्हणूनच जुन्या, एकदा उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा विचार कोणी परदेशात बसून सुचवला तरी तो मनातून काढून टाकावा. त्या जपण्यासाठी आहेत.

रंगही वाचता येतो. तपकिरी किंवा करडी झाक ही पितळाची नैसर्गिक साय आहे, तिने पितळाचे रक्षणच होते. हिरवा थर चामड्याच्या पट्ट्यात ठेवल्याने आलेला असतो, कारण चामडे कमावताना वापरलेली आम्ले पितळाला लागतात. गुलाबी-तांबूस डाग मात्र गंभीर समजावा. तेथे जस्त निघून गेले आहे आणि उरलेले तांबे सच्छिद्र झाले आहे. अशी पुंगळी नमुना म्हणून ठेवता येईल, तिच्यावर दाब देऊ नये.

गोठ्यातली काडतुसे

पितळाच्या चिरा पडण्याचे एक कारण आपल्याच देशात प्रथम लक्षात आले. पावसाळ्यात मोहिमा थांबल्यावर ब्रिटिश फौजेची काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवली जात, आणि पावसाळा संपून ती बाहेर काढली की अनेकांना चिरा गेलेल्या असत. कारण कळायला फार वर्षे लागली. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि खेचताना पितळात राहिलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने ती चीर पडते. अमोनिया एकटा तेवढे करत नाही आणि ताणही एकटा करत नाही, दमट हवेत दोन्ही एकत्र आले की पितळ उलते.

विदर्भातल्या घरासाठी याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. गावाकडच्या वाड्यात डबा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवू नये, युरियाच्या पोत्यांजवळ ठेवू नये, आणि जेथे पारवे व वटवाघळे बसतात अशा माळ्यावर तर नकोच, कारण त्यांच्या विष्ठेतूनही अमोनिया सुटतो. पितळ चमकवायच्या अनेक तयार द्रवांत अमोनिया असतो. बाटलीवरचा मजकूर वाचून तसा द्रव बाजूला ठेवावा. चिंच-मीठ किंवा भांड्यांची पावडर ही देवघरातल्या समयांसाठी ठीक आहे, पण मिठातील क्लोराइड मानेच्या बारीक फटीत राहिले की आतून कुरतडत जाते, आणि पावडरीने बुडावरची अक्षरे पुसट होतात. ती अक्षरे हीच त्या वस्तूची ओळख आहे.

साफ करायचेच असेल तर रिकामी पुंगळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, आतला भाग बाटली घासायच्या मऊ ब्रशने फिरवावा, दोनतीनदा स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी आणि सावलीत पंख्याखाली तोंड खाली करून वाळवावी. जुन्या टोप्यांतले क्षार पाण्यातच विरघळतात, तेलात नाही, म्हणून नुसते तेल पुसून काम होत नाही. उन्हात किंवा शेगडीवर वाळवू नये. पुंगळीला चकाकी आणण्याचा मोह टाळावा. साय आलेली पुंगळी कुरूप नसते, तिच्यावर तिचा काळ लिहिलेला असतो.

नागपूरची हवा साठवणीसाठी दुहेरी कसोटी पाहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जुलैत कपाटातला कागदही ओलसर लागतो. उन्हाळा कोरडा म्हणून पितळ सुरक्षित, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु आपल्या घरात त्याच दिवसांत वाळ्याचा कूलर रात्रंदिवस चालतो आणि त्या खोलीतली हवा भर ग्रीष्मात पावसाळ्यासारखी दमट होते. म्हणून डबा कूलर नसलेल्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात, कुलुपात ठेवावा. प्रत्येक पुंगळी आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळावी, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पावसाळ्याआधी व नंतर बदलाव्यात. चामड्याचा पट्टा वेगळा ठेवावा. जिवंत काडतुसे परवान्यावर असतील तर उष्णतेचा विचार अधिकच करावा, कारण कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन असते आणि तापलेल्या काडतुसाचा दाब वाढतो. मोठ्या लांब पुंगळ्यांमध्ये दाब मुद्दाम कमी ठेवण्यामागे उष्ण प्रदेशातला वापर हेही एक कारण होते.

नव्या पुंगळ्या घेताना

ज्यांच्याकडे वैध परवाना आहे आणि परवानाधारक विक्रेत्यामार्फत नवी काडतुसे मागवायची आहेत, त्यांनी पुंगळीच्या निवडीकडे गोळीइतकेच लक्ष द्यावे. स्वीडनची नॉर्मा, अमेरिकेची हॉर्नाडी, ऑस्ट्रेलियाची बर्ट्रम आणि किनॉक हे नाव पुन्हा चालवणारी इंग्लंडची किनॅमको, अशा काही उत्पादकांचा माल या बोअरमध्ये मिळतो. या नव्या पुंगळ्या बहुधा बॉक्सर पद्धतीच्या असतात. एकाच घाण्याचा माल घ्यावा आणि पाचसहा पुंगळ्या वजन करून पाहाव्यात. वजनात फार तफावत असेल तर भिंतींची जाडी आणि पर्यायाने आतली पोकळी सारखी नाही असे समजावे.

एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवर पितळी सळईतून पुंगळी कातून घेण्याची कल्पना कोणी सुचवली तर ती ऐकूनही घेऊ नये. ते बेकायदा आहे हे तर झालेच, पण कातकामाच्या सळईत तांबे साधारण ६० टक्के आणि त्यात सहज कातता यावे म्हणून थोडे शिसे मिसळलेले असते. त्या पितळात खेचलेल्या पुंगळीचा चिवटपणा नसतो आणि बूड-मानेतला कडकपणाचा फरकही नसतो. दाबाखाली ते ताणले न जाता तडकते.

दुनळी रायफलीला बोल्ट, म्हणजे पुंगळी मागे ओढून काढणारा सरकता दांडा, नसतो, त्यामुळे अडकलेली पुंगळी जोराने खेचून काढायची सोय नसते. पुंगळी स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरली पाहिजे आणि बोटाने सहज बाहेर आली पाहिजे. ही कसोटी दोन्ही नळ्यांत वेगवेगळी घ्यावी, कारण हाताने घडवलेल्या जुन्या रायफलीची दोन चेंबरे अगदी सारखी क्वचितच असतात. किनार जाड असेल तर रायफल नीट मिटणार नाही, आणि पातळ असेल तर उडताना पुंगळी मागे सरकून बुडाजवळ ताणली जाईल. तारेने शोधलेली खाच अशाच पुंगळीत सापडते. परदेशात परवान्याने पुंगळ्या भरणारे लोक याच कारणाने दुनळीच्या पुंगळ्या दर वेळी पूर्ण लांबीत पुन्हा मापात आणतात, आणि प्रत्येक पुंगळी किती वेळा वापरली याची नोंद ठेवतात.

आणखी एक गोष्ट निवडीवर मर्यादा घालते. दुनळीच्या दोन नळ्या एका विशिष्ट भारासाठी बंदूकसाजाने एकमेकींकडे किंचित कलवून डाखलेल्या असतात. उजवी नळी उडताना रायफल उजवीकडे व वर झुकते, डावी उडताना डावीकडे, आणि तो झोक धरूनच गोळ्या एका ठिकाणी पडतील अशी जुळणी केलेली असते. गोळी संथ निघाली तर ती नळीत अधिक वेळ राहते, झोक जास्त लागतो आणि दोन गोळ्या एकमेकींपासून लांब पडतात. फार वेगाने निघाली तर त्या एकमेकींना ओलांडतात. म्हणून शिक्क्यावरचे गोळीचे वजन आणि मूळ काडतुसाचा वेग यांच्याशी जुळणारे काडतूसच मागवावे. .४७० च्या बाबतीत ते ५०० ग्रेनची गोळी आणि सेकंदाला सुमारे २१५० फूट वेग असे आहे. कमी-अधिक ताकदीचे काडतूस स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

मागणी नोंदवण्याआधी परवानाधारक बंदूक-कारागिराकडून दोन्ही चेंबरांचा साचा काढून घ्यावा आणि त्याची मापे, नळ्यांखालचे शिक्के व आपल्या डब्यातल्या एका शाबूत जुन्या पुंगळीची मापे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहावीत. तिन्ही जुळली तरच तो कागद विक्रेत्याकडे न्यावा. एक जरी वेगळे आले तर मागणी थांबवावी, कारण मधल्या काळात चेंबर वाढवून दुसऱ्या बोअरचे केले गेलेले असू शकते, आणि ते बदललेले असेल तर शिक्क्यांवरचे आकडे त्या रायफलीला लागू राहत नाहीत.